रत्नागिरी शहरात दोन दिवस काय बघायचं?

पायवाट
नाताळच्या सुट्टीत रत्नागिरीला जायचं ठरतंय. मंडळी अशी: आई-बाबा (सत्तरीच्या पुढचे, बाबांचे गुडघे कुरकुरतात), बहीण, पाचवीतला भाचा, मी आणि नवरा. जो तो सांगतो की मुक्काम गणपतीपुळ्याला करा, रत्नागिरी काय, जाता-येता होते. मला ते पटत नाही. पुळ्याला दर्शन झालं, समुद्र बघून झाला की संध्याकाळी खोलीत बसून पत्ते कुटायचे. त्यापेक्षा शहरातच दोन रात्री राहावं आणि पुळं अर्ध्या दिवसात करून यावं, असं माझं मत. किल्ला आहे, राजवाडा आहे, संग्रहालय आहे, बंदर आहे.

नवरा म्हणतो, "थिबा पॅलेस आणि रत्नदुर्ग. तिसरं नाव सांग." मी टिळकांचं जन्मस्थान म्हटलं, तर म्हणे वीस मिनिटांत होतं.

तर जाणकारहो, तिसरं, चौथं, पाचवं नाव सांगा. आणि मी चुकत असेन तर तेही सांगा, म्हणजे पत्त्यांचा कॅट बॅगेत टाकते.

तिरफळ
रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

उनाड
नवऱ्याशी सहमत. शहर म्हणजे मारुती मंदिर ते जयस्तंभ गाड्यांची रांग. समुद्र पुळ्यालाही तोच आहे.

लाल_माती
@उनाड, समुद्र तोच नाही हो. एकाच शहरात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असे दोन आहेत. मांडवीची वाळू काळी, मिऱ्याच्या बाजूची पांढरी. पाचवीतल्या मुलाला मांडवीला नेताना खिशात एक लोहचुंबक टाका. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात, त्यांच्याबरोबर थोडं मॅग्नेटाइटही. कोरड्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळी मिशी फुटते. पोरगं तासभर हलणार नाही. सुकी वाळू हवी, ओल्यात मजा नाही. आणि चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर ती मिशी निघता निघत नाही.

पायवाट
@लाल_माती, हे भारी आहे! चुंबक यादीत.

कट्टेकरी
मिशी! माझ्या डोळ्यांसमोर चुंबक गावभर रुबाबात फिरतोय.

तिरफळ
आलो. आता नीट लिहितो.

तुमच्या नवऱ्याचा प्रश्नच चुकीचा आहे, नावं किती यावर शहर ठरत नाही. थिबा पॅलेसही वीस मिनिटांत होतो, खरं आहे. होतोच, कारण माणसं आत जातात, दालनं बघतात, बाहेर फोटो काढतात आणि निघतात. राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर झुंबरं आणि सोन्याची सिंहासनं असतात. ती इथे नाहीत. इथे आहे ती एका कैदेची गोष्ट. ती घरूनच सांगत सांगत न्या.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1878 मध्ये गादीवर आला, 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला, 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवला. हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो इथल्या बंगल्यांतच राहत होता, आणि राजवाड्याचं सुख मिळालं जेमतेम सहा वर्षं. 1916 च्या डिसेंबरात तो गेला. तुम्ही जाताय तोही डिसेंबरच. राणी सुपयालत आणि कुटुंबाला 1919 मध्ये परत जाऊ दिलं, राजा मात्र इथेच राहिला. त्याची समाधी शिवाजीनगरात आहे. राजवाडा बघणाऱ्या दहांतले नऊ जण तिथे जातच नाहीत. म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन 2012 च्या डिसेंबरात मुद्दाम रत्नागिरीला येऊन त्या समाधीला नमस्कार करून गेले. आपण मुंबईहून येऊन राजवाड्यासमोर सेल्फी काढतो आणि जेवायला पळतो.

तेव्हा तिसरं नाव: थिबाची समाधी. पायऱ्या-बियऱ्यांचा फार त्रास नाही, बाबांना जमेल.

अनुस्वार
@तिरफळ, उत्तम. एक भर घालतो. इंग्रजांनी बहादूरशहा जफरला 1858 मध्ये रंगूनला पाठवलं, तो 1862 मध्ये तिथेच गेला. पुढे ब्रह्मदेशाचा राजा आणून कोकणात ठेवला. दिल्लीचा बादशहा तिकडे, मंडालेचा राजा इकडे. दोघांच्या कबरी एकमेकांच्या देशात.

आणि थिबा पॉइंटला गेलात की कुणीतरी हमखास सांगेल, की राजा इथे बसून मायदेशी जाणारी जहाजं बघत अश्रू ढाळायचा. ब्रह्मदेश पूर्वेला, समोरचा समुद्र पश्चिमेला. त्या जहाजांना घरी जायला आख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालावा लागला असता. पण मावळतीची जागा अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. खाली भाट्याची खाडी आणि काजळी नदीचं मुख एका नजरेत येतं.

कट्टेकरी
राजाला भूगोल कच्चा होता असं म्हणा ना. हलके घ्या.

खाडीकाठ
रत्नागिरीकर इथे हजर. धागा वाचून बरं वाटलं, कारण आम्हालाच पाहुणे आले की प्रश्न पडतो यांना न्यायचं कुठे. @तिरफळ यांनी थिबाबद्दल लिहिलंय त्यात आमच्या घरात ऐकलेला भाग जोडते. राजाची थोरली मुलगी इथल्याच एका मराठी पहारेकऱ्याच्या प्रेमात पडली. ब्रह्मदेशात जाऊन ती परत आली, इथेच राहिली, आणि तिची मुलगी टूटू याच गावात मराठी बोलत म्हातारी झाली. जुन्या रत्नागिरीकरांनी तिला बघितलेलं आहे. माझी आजी तिच्याबद्दल बोलताना राजघराण्याबद्दल बोलतेय असं कधी वाटायचंच नाही, शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायची. हे सगळं राजवाड्याच्या भिंतीवर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून घरून सांगत न्या हे अगदी पटलं.

आता कामाचं. बाबांच्या गुडघ्यांसाठी रत्नदुर्ग जपून. गाडी बरीच वर जाते, पण भगवती देवीच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेतच, आणि दीपगृहाचा भाग वेगळ्या टेकडीवर आहे. तिन्ही भाग एका दमात करायचा हट्ट नको. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. तटावरून एका बाजूला मिरकरवाडा बंदर दिसतं, होड्यांची दाटी. तिथे बाबांना बसवून ठेवा, बाकीच्यांना हिंडू दे.

उनाड
पायऱ्या, ऊन, होड्यांची दाटी. अजून तिसरं नाव पुळ्याच्याच बाजूने जातंय.

पायवाट
@खाडीकाठ, देवळाच्या पायऱ्यांना कठडा आहे का?

खाडीकाठ
सगळीकडे नाही. एकजण बरोबर राहा.

मी_चिपळूणकर
रत्नदुर्ग बहमनी काळातला, मग आदिलशाही, 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे आंग्रे, पेशवे, 1818 मध्ये इंग्रज. पण माझा मुद्दा वेगळा. किल्ल्यावर उभं राहिल्यावर कळायला हवं की हा इथेच का बांधला. वरून बघितलं की तो घोड्याच्या नालेसारखा दिसतो, तीन बाजूंना पाणी. हे समजावणारा एक साधा नकाशा वर हवा. कोकणात आम्ही येणाऱ्याला सोलकढी आग्रहाने पाजतो, गावाची गोष्ट मात्र त्याची त्याने शोधायची.

लाल_माती
+१. आणि जी गोष्ट सांगितली जाते ती नेमकी भुयाराची. कोकणातला प्रत्येक किल्ला भुयारातून कुठे ना कुठे निघतो.

कट्टेकरी
आमच्या गावच्या देवळाचं भुयार तर थेट काशीला निघतं. बांधणाऱ्याने आरक्षणाची भानगडच ठेवली नाही.

वहिवाट
टिळक जन्मस्थान वीस मिनिटांत उरकणाऱ्यांसाठी. टिळक आळीत कौलारू घर, आवारात शांतता. लोकमान्यांचा जन्म 23 जुलै 1856 चा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. 1866 मध्ये, लोकमान्य दहा वर्षांचे असताना, कुटुंब पुण्याला गेलं. म्हणजे तुमच्या भाच्याच्याच वयाचा मुलगा हे घर, हा समुद्र सोडून गेला. एवढं एक वाक्य त्या ओसरीवर सांगा. माझा अनुभव असा की मुलांना सनावळी नको असते, वय हवं असतं.

जवळपास असाल तर रत्नागिरी नगर वाचनालयातही डोकावा. 1828 मध्ये स्थापन झालेलं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी. आई-बाबांना आवडेल, आणि तिथे बसायला खुर्च्या आहेत, हा मुद्दा सत्तरीनंतर फार मोठा असतो.

अनुस्वार
पतितपावन मंदिर कुणीच कसं लिहिलं नाही? 1931 चं. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्या आग्रहावरून भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या खर्चाने बांधलं. सगळ्या जातींना प्रवेश. भागोजीशेठ मूळचे रत्नागिरीचेच, गरिबीतून वर आले. दादरच्या चौपाटीजवळची स्मशानभूमीही त्यांचीच देणगी. मंदिर आकाराने मोठं नाही, पण शहराच्या इतिहासात मोठं आहे.

समुद्रपक्षी
मंदिराचं श्रेय एकट्याला देणं बरोबर नाही. त्याआधी आणि त्याच काळात बाबासाहेब काय करत होते ते...

कट्टेकरी
आला, आला, तो विषय आला. मी शेंगदाणे घेऊन बसतो.

समुद्रपक्षी
हसण्यावारी नेऊ नका. महाडचा सत्याग्रह 1927 चा आहे, काळाराम मंदिराचा 1930 चा. पतितपावनचं कौतुक करताना हे दोन सन शेजारी लिहिले की चित्र पुरं होतं, एवढंच म्हणतोय.

अनुस्वार
@समुद्रपक्षी, मान्य. शेजारी लिहायलाच हवेत. त्याने मंदिराचं महत्त्व कमी होत नाही.

संपादक मंडळ
सदस्यांना विनंती, ही चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी. इथे पर्यटनाबद्दल लिहावं.

तिरफळ
संपादकांचा मान राखून, विषयाला धरून एकच: सावरकरांना ज्या कोठडीत ठेवलं होतं ती रत्नागिरीच्या विशेष कारागृहात जपलेली आहे. पण ते चालू कारागृह आहे, बागेत शिरावं तसं शिरता येत नाही. आधी चौकशी करून ठेवा.

डिंकलाडू
भाच्याबद्दल कुणी बोलतच नाही. सगळे राजे, कैदी आणि पुढारी. त्या पोराने काय पाप केलंय? झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे, खराखुरा, भलाथोरला. त्याच्या शेजारून चालत जाताना पोरं आपोआप गप्प होतात. आमच्याकडचं तर एरवी झोपेतही बोलतं.

पायवाट
@डिंकलाडू, मिळालं! नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. "देवमासा चालेल" असं म्हणाला.

लाल_माती
भाट्याला नारळ संशोधन केंद्रही आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण तुमच्या बाबांना झाडापेडांची आवड असेल तर त्यांना तिथून ओढून आणावं लागेल. नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी अशी मसाल्याची झाडं घ्यायची, त्या पद्धतीला तिथे लाखीबाग म्हणतात. नारळाची सावली आणि ओलावा मसाल्याला, एकाच जमिनीतून दोन-तीन उत्पन्नं. सपाट चालायला मिळतं, गुडघे खूश. पुढेच सुरूचं बन आणि भाट्याचा किनारा. फक्त कार्यालयीन दिवस बघा, सुट्टीला फाटक बंद.

खाडीकाठ
हो, आणि हे सगळ्यांनाच लागू. सरकारी संग्रहालयं साधारण सोमवारी बंद असतात, वर 25 डिसेंबर सार्वजनिक सुट्टी. निघण्याआधी फोन करून विचारा, इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका. आमच्याकडे आलेले पाहुणे एकदा कोकणातल्या एका संग्रहालयाच्या कुलपाचं दर्शन घेऊन परत गेले. कुलूप मात्र छान होतं, पितळी.

मी_चिपळूणकर
कुलूप बघायला तिकीट नव्हतं ना?

खाडीकाठ
नव्हतं. म्हणूनच समाधानी होते.

उनाड
बरं, मी माघार घेत नाही, पण एक कबूल. जून 2020 च्या निसर्ग वादळात एक जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं होतं, बसरा स्टार. पुढे बरीच वर्षं ते तिथेच लाटा खात मोडत गेलं. ते बघायला जेवढी माणसं येताना मी पाहिली, तेवढी कुठल्याच संग्रहालयात पाहिली नाहीत. तिकीट नाही, सोमवार नाही, कुलूप नाही. लोकांना काय बघायचं असतं ते यावरून ओळखा.

तिरफळ
@उनाड, तुम्ही विरोधात लिहिताय असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही धाग्याच्या बाजूने लिहिलंत. जहाज लोकांना का आवडलं? घडलेलं डोळ्यांनी दिसत होतं म्हणून. वादळ आलं, नांगर टिकला नाही, जहाज किनाऱ्याला लागलं. फलकाशिवाय गोष्ट कळत होती. बाकी ठिकाणी ती सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस शहराने नेमलेला नाही.

समुद्रपक्षी
मिरकरवाडा बंदर राहिलं. पहाटे माशांचा लिलाव बघा. बहिणीला वासाचं वावडं असेल तर तिला झोपू द्या. तिथे उभं राहताना वाटेत येऊ नका, टोपल्या घेऊन धावणाऱ्यांना तुमच्या फोटोचं कौतुक नसतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर भकास, डिसेंबर उत्तम.

डिंकलाडू
फोटो काढायचाच तर विचारून काढा. कोळणी बोलायला लागल्या की भाच्याच्या शब्दसंग्रहात मोलाची भर पडेल.

वहिवाट
अवांतर: कुणी शिमग्याला रत्नागिरीत गेलंय का? ग्रामदैवत श्रीदेव भैरीची पालखी शहरात फिरते, तेव्हा जे शहर दिसतं ते एरवी दिसत नाही. संग्रहालयाबाहेर जिवंत असलेलं शहर हवं तर नाताळ सोडा आणि शिमगा धरा.

खाडीकाठ
@वहिवाट, १००%. पण शिमग्याला आमच्याकडे झोपायला जागा मिळणार नाही, मुंबईचे सगळे नातेवाईक आधीच पसरलेले असतात. आणि गाण्याची आवड असेल तर जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो, थंडीत उघड्यावर बसून ऐकायचं.

मी_चिपळूणकर
मूळ प्रश्नावर येतो. दुसरा दिवस मी शहरात घालवणार नाही. पुळ्यालाही नाही. कातळशिल्पं बघा. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या जांभ्या दगडात कोरलेले हत्ती, मासे, माणसं, न समजणारे चौकोन. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलेल्या नऊ ठिकाणांपैकी सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. उक्षीचा हत्ती शहरापासून सोयीचा. गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन त्याभोवती बांधकाम करून तो राखलाय. कशेळीचा हत्ती अवाढव्य, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. जवळून काहीच कळत नाही, नुसत्या रेघा. जरा उंचावरून बघितलं की एकदम सोंड दिसते.

लाल_माती
देवाचे गोठण्याला जाणार असाल तर होकायंत्र घ्या. तिथल्या कातळावर ठेवलं की सुई चुकीची दिशा दाखवते. चुंबक मांडवीला, होकायंत्र गोठण्याला. भाच्याचा सुट्टीचा प्रकल्प तयार. पण ते राजापूर तालुक्यात आहे, दिवस मोडेल.

कट्टेकरी
थिबा राजाकडे तिथलंच होकायंत्र असणार.

अनुस्वार
दंडवत घ्या. @कट्टेकरी

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत ठरलं ते असं. पहिला दिवस: सकाळी टिळक आळी आणि वाचनालय, मग राजवाडा आणि समाधी, दुपारी आई-बाबा आराम करणार, आम्ही देवमाशाला भेटून मांडवीला चुंबकासकट, मावळतीला थिबा पॉइंट. दुसरा दिवस: पहाटे मिरकरवाडा (मी आणि नवरा), नंतर सगळे उक्षी, चारला रत्नदुर्ग. नारळाचं केंद्र उघडं असेल तर बाबांना तिथे सोडून देऊ. पुळं परतीच्या दिवशी आरे-वारे मार्गे.

नवरा म्हणतो, हे दोन दिवसांत होणार नाही, तीन लागतील.

उनाड
आरे-वारेला नाताळात गाड्या मुंगीच्या पावलाने जातात. सकाळी सातच्या आत निघा. हा सल्ला विरोधी पक्षाकडून.

खाडीकाठ
@पायवाट, मांडवी आणि थिबा पॉइंट एकाच संध्याकाळी ठेवू नका, मावळती दोन्हीकडची चांगली आणि मधे शहरातली गर्दी. मांडवी दुसऱ्या दिवशी किल्ल्यानंतर करा, तिथूनच खाली उतरलात की फार लांब नाही. जेट्टीवर भेळवाले असतात.

पायवाट
बदललं. उक्षीला रेल्वेने जाता येईल का? स्टेशन आहे म्हणे.

मी_चिपळूणकर
स्टेशन आहे, पण छोटं, लांबच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. आई-बाबा बरोबर आहेत, गाडीच करा. आणि सड्यावर सावली नसते. टोप्या आणि पाणी विसरू नका, दहाच्या आत पोहोचा.